बिजल्याचा पट्टा हौशीच्या गळ्यात

मित्रांनो, अंगावर एकवीस काटे असणाऱ्यानं गरीब गाईचं सोंग आणू नये, म्हणून आधीच सांगून टाकतो. मी एक जुना पट्टा आहे, मेंढरं राखणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यातला, आणि माझ्या उमेदीच्या काळात माण तालुक्यातले लांडगे मला भीत होते. तुमच्या घरच्या कुत्र्याच्या गळ्यात घुंगरू असतं, नाहीतर रंगीत फीत असते. ती शोभेची. मी शोभेचा नव्हतो. लांडगा कुत्र्यावर झडप घालतो तेव्हा आधी गळा धरतो, हे ज्याला पक्कं ठाऊक होतं, अशा एका माणसानं मला करवून घेतलं होतं.

त्या माणसाचं नाव सयाजी. धनगराचा उभा-आडवा गडी, मिशा पांढऱ्या, आवाज असा की बांधापलीकडच्या मेंढरानं मान वर करावी. सत्तर सालच्या उन्हाळ्यात तो बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव खांद्यावर घेऊन दहिवडीच्या लोहाराकडे गेला. लोहारानं त्या धावेच्या सात चकत्या पाडल्या, एकेका चकतीवर तीन-तीन काटे उभे केले आणि कड्यांनी सगळं एकमेकांत ओवलं. मग चांभाराकडे म्हशीच्या कातड्याची दुहेरी वादी आतून शिवून घेतली, म्हणजे कुत्र्याच्या मानेला लोखंड घासू नये. बाहेरून काटे, आतून मऊ कातडं. फणस म्हणा हवं तर! मी तयार झालो तेव्हा लोहारानं माझ्यावर बोट टेकवलं आणि "हाय् हाय्" करत बोट तोंडात घातलं. ती माझी पहिली शाबासकी.

मी पहिल्यांदा भुऱ्या नावाच्या कुत्र्याच्या गळ्यात पडलो. दुसऱ्याच वर्षी, बोडक्या माळावर, एका लांडग्यानं भुऱ्याच्या गळ्यावर झडप घातली. त्याचे दात माझ्यावर आदळले. इतक्या जवळून लांडग्याचे डोळे मी कधी पाहिले नव्हते. मधासारखे पिवळे आणि विलक्षण सुंदर. खोटं कशाला बोलू, मला त्याची भीती वाटली नाही, त्याचं नवल वाटलं. मग तो किंचाळला, तोंड झटकत ओढ्यात उतरला आणि दिसेनासा झाला. त्या दिवशी सयाजीनं मला खोबरेल तेल चोळलं आणि चार तळांवरच्या माणसांना बोलावून माझे काटे मोजून दाखवले. तेव्हापासून मला वाटू लागलं, की ज्या गळ्यात मी आहे त्या गळ्याला कोणी हात लावू शकत नाही. हा गर्व माझ्यात आठ वर्षं राहिला.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रीतीवरच आहे. राखणीचा कुत्रा मेला, की त्याचा पट्टा त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, दुसऱ्या कुत्र्याच्या गळ्यात घालायचा. वर चिमूटभर भंडारा उधळायचा. सयाजी म्हणायचा, "पट्टा रिकामा ऱ्हायला की लांडग्याला सपान पडतंय." भुऱ्या म्हातारा होऊन झोपेतच गेला, तेव्हा त्याच संध्याकाळी मी बिजल्याच्या गळ्यात आलो. रीत पाळली गेली, कळप सुखरूप राहिला. अशी रीत वाईट आहे, असं कोण म्हणेल?

बिजल्या म्हणजे कुत्र्यांतला पैलवान. काळा, छातीवर पांढरा ठिपका. त्याच्या गळ्यात मी सहा वर्षं हिंडलो. बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्याकडची किती तरी माणसं मुंबईला गेली. सयाजीचा मुलगा जालिंदरही गोदीत कामाला लागला. कळपामागे राहिले सयाजी आणि जालिंदरची बायको बनुबाई. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड चढवायचं, मेंढरं पुढं घालायची आणि माण सोडून खाली कृष्णाकाठाला उतरायचं. तिथले शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवतात आणि बदल्यात धान्य देतात.

एकोणऐंशी सालच्या हिवाळ्यात आम्ही कुंडलजवळ नाथाजीच्या रानात होतो. नाथाजी म्हणजे रिटायर फौजी. फौजेत जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता, म्हणजे मलमपट्टी करणारा, डॉक्टरच्या हाताखालचा माणूस. घरी आला तरी त्याची कवायत सुटली नव्हती. त्याच्या रानातला ऊससुद्धा रांगेत उभा असल्यासारखा वाटायचा. त्या आठवड्यात तो बहिणीकडे लग्नाला गेला होता. तो असता तर ही गोष्ट घडलीच नसती, असं मला आजही वाटतं.

सयाजी लोकर विकायला इस्लामपूरच्या बाजाराला गेला, तेव्हा बिजल्या घोड्यामागून चालत गेला. बाजाराच्या कडेला एक मरतुकडं कुत्रं पडलं होतं. बिजल्यानं त्याच्याभोवतीची जमीन हुंगली, एवढंच. ना भांडण, ना चावा. माझे एकवीसही काटे जागच्या जागी होते. त्यानंतर पाचव्या दिवशी बिजल्यानं भाकरीकडे पाठ फिरवली. मग उलट्या सुरू झाल्या, मग हगवण, मग तिच्यात रक्त. त्या रक्ताला जो वास होता, तो मी आधी कधीच घेतला नव्हता. सयाजीनं हळद दिली, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, कुणी विष घातलं म्हणून चार शिव्याही हासडल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी माझा पैलवान मान टाकून गेला. मी त्याच्या गळ्यात होतो आणि माझ्या एकाही काट्याला काही टोचलं नव्हतं. शत्रू आला, मारून गेला आणि मला दिसलाच नाही. मी थक्क झालो होतो. दुःख मागाहून आलं.

सयाजी रडला. आणि मग रीतीला जागला. त्यानं मला सोडवलं, पाटाच्या पाण्यात वाळू घेऊन घासघास घासलं, उन्हात वाळवलं. मी नव्यासारखा चकाकू लागलो. मग तो दोन रानं ओलांडून बनुबाईच्या तळावर गेला. बनुबाई व्यालेल्या मेंढ्या आणि कोकरं घेऊन तिथं वेगळी राहिली होती. आजारी बिजल्या तिच्या तळाकडे फिरकलाही नव्हता. तिच्याजवळ हौशी होती. वर्षाची कुत्री, तांबूस, एक कान उभा आणि एक पडका. बनुबाईनं तिला कोकराच्या वाटणीचं दूध पाजून वाढवलं होतं. सयाजीनं तिच्यापुढं गुडघा टेकला, मला तिच्या गळ्यात बांधलं, भंडारा उधळला आणि म्हणाला, "आता तूच गं बाई." सूर्य अजून हातभर वर होता. रीत अगदी वेळेवर पार पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाथाजी लग्नाहून परतला. बिजल्या गेल्याचं कळताच तो तडक बनुबाईच्या तळावर आला. सयाजी तिथंच चहा पीत बसला होता.

"बापू, काय झालं वतं त्याला?" नाथाजीनं विचारलं.

"वकत वता. मग रगाताची हागवण. तिसऱ्या दिशी ग्येला."

नाथाजीची नजर हौशीच्या गळ्याकडे गेली. "आन ह्यो पट्टा?"

"त्याचाच की. कालच घातला, दिस मावळायच्या आत."

नाथाजी खाली बसला. मग हळू आवाजात त्यानं विचारलं, "हिला कवा टोचलंय का? लस?"

"मेंढरास्नी टोचलंय. सरकारी माणूस आलता," सयाजी म्हणाला. "कुत्र्याला कोण टोचतंय, फौजी? आन असं का बघतोयस? वाळूनं घासून धुतलाय म्या. बघ कसा चकाकतोय."

"चकाकतोय, व्हय. पर बापू, ह्यो रोग डोळ्यास्नी दिसत न्हाई आन नुसत्या पाण्यानं जात न्हाई. ह्या शिवणीत बसला असंल. तुमच्या धोतराला असंल, पायतानाला असंल. माज्या रानात बिजल्या पडला तितं तर हायच हाय. फौजेत बगितलंय म्या. कुत्र्यांच्या छावणीत असला रोग घुसला की वाघावानी कुत्री चार दिसात आडवी."

सयाजीनं कपबशी खाली ठेवली आणि आपल्याच धोतराकडे पाहिलं. आणि मी? मित्रांनो, त्या क्षणी माझ्या काट्यांचा गर्व पार गळून पडला. लांडग्याला अडवणाऱ्या माझ्याच शिवणीत, ज्या कातड्याला मी माझा मऊपणा म्हणत होतो त्याच कातड्यात, काहीतरी बसलं होतं. धुळीच्या कणाहून बारीक. मुंगीनं पाहिलं तरी तिला दिसू नये इतकं बारीक. त्याला दात नव्हते, पाय नव्हते. ते मलाच घोडा करून हौशीच्या गळ्यापर्यंत आलं होतं. या जगात लांडग्याहून मोठं संकट लांडग्याहून इतकं लहान असू शकतं, हे मला तेव्हा कळलं.

बनुबाईनं एकच विचारलं, "आता काय करायचं, नाथाजीभाऊ?"

नाथाजीनं सायकल काढली आणि गुरांच्या डॉक्टरांना गाठलं. दुपारी तो घामाघूम होऊन परत आला. डॉक्टर म्हणाले होते, की असला रोग हल्ली कुठं कुठं ऐकू येतोय, पण नाव नक्की सांगता येत नाही, आणि त्यावर टोचायला त्यांच्याजवळ काही नाही. पुढं बऱ्याच वर्षांनी असल्या रोगाला लोक पार्वो म्हणू लागले. तोच हा, की त्याचा कुणी भाऊबंद, ते माझ्यासारख्या लोखंडाला काय कळणार? पण डॉक्टरांनी करायचं काय ते मात्र चोख सांगितलं होतं, आणि नाथाजीनं ते फौजी थाटात सर्वांपुढं मांडलं.

"कारंटीन!" तो म्हणाला. "म्हंजी कुत्री येगळी काढायची आन बघत ऱ्हायाचं. आजून तिला काय झालं न्हाई. होईल का न्हाई, ते धा-चौदा दिसांत कळंल. तवर दुसरं कुत्रं तिच्या वाऱ्याला जाऊ द्यायचं न्हाई, आन तिनंबी तळ सोडायचा न्हाई. एकाच माणसानं तिच्याकडं जायाचं. पयली मेंढरांची कामं, मग तिचं. तिकडची चप्पल तिकडंच. हात धुवायचे. हागलं-मुतलं तितंच पुरायचं, वर हिरीत टाकत्यात ती पांढरी पावडर टाकायची. बापू, तुमी तर तिला हातबी लावायचा न्हाई. तुमचं धोतर उकळा."

"आन पट्टा?" बनुबाईनं विचारलं.

"कातडं जाळायचं. लोखंड उकळायचं."

सयाजी उठून उभा राहिला. "नऊ वर्सं राखण केलीया त्यानं. पट्टा रिकामा ठिवायचा? आन जाळायचा?"

त्याच्याशी वाद घालत बसायला बनुबाईला वेळ नव्हता. तिनं मला हौशीच्या गळ्यातून सोडवलं, विळा घेतला आणि टाका टाका उसवायला सुरुवात केली. सयाजीनं तोंड फिरवलं. माझं कातडं चुलीत गेलं तेव्हा मोठा काळा धूर निघाला. नऊ वर्षांचा घाम, तेल, पाऊस, दोन कुत्र्यांच्या मानेची ऊब, सगळं त्या धुरातून गेलं. मग तेलाच्या रिकाम्या डब्यात पाणी रटरटत ठेवलं आणि उरलेला मी, नुसत्या चकत्या आणि कड्या, त्यात पडलो. चांगला अर्धा तास मी उकळत होतो. खरं सांगतो, मला ते हवं होतं. माझ्यातून जे जायचं ते जावं, एवढंच वाटत होतं.

नंतर मला पालाच्या खांबाला टांगलं. तिथून लांबच्या बांधावरची बाभळ दिसायची. तिच्याखाली हौशीला बांधलं होतं. ती बिचारी धडधाकट होती. शेपूट हलवत होती, दोरीला हिसडे देत होती आणि सगळे आपल्याला का टाळतात हे तिला कळत नव्हतं.

दोनच दिवसांत दुसरी अडचण उभी राहिली. पुढच्या रानमालकाचा निरोप आला, मेंढरं कधी आणताय? सयाजीनं बिऱ्हाड आवरायला घेतलं.

"ती काय आजारी दिसती का? उड्या मारतीया," तो म्हणाला. "चला आपुन."

"मामंजी, वाटंत किती तळ लागतील?" बनुबाई म्हणाली. "दर तळावर तीन-चार कुत्री. हिच्या पायानं मरान वाटत जायाचं का आपुन? चौदा दिस मी हितनं हलायची न्हाई."

"जालिंदरला कळवू का?"

"कळवा की. कार्ड जायाला आठ दिस लागत्यात. तवर निम्मे दिस सरलेले असतील."

सयाजीनं बिऱ्हाड पुन्हा सोडलं, पण दोन दिवस सुनेशी बोलला नाही. कुत्र्यावाचून कळप राखायचा म्हणजे त्यालाच राखावा लागला. काठी आपटत, "हाऽऽ हाऽऽ" करत तो वाघरीभोवती, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणाभोवती, फेऱ्या मारायचा. घसा पार बसला. एकदा बनुबाई न राहवून म्हणाली, "मामंजी, आता भुंकायलाबी शिका, म्हंजी झालं." म्हातारा हसणार होता, पण वेळेवर सावरला.

बनुबाईचं मात्र मला रोज नवल वाटायचं. ही बाई कधी शाळेत गेली नव्हती. पण कोकरांचं, चुलीचं सगळं उरकून मगच ती बाभळीकडे जायची. बांधाशी एक जुनं लुगडं आणि एक चप्पल ठेवलेली असायची. लुगडं ती अंगावर गुंडाळायची, चप्पल पायात घालायची, हौशीला मातीच्या खापरात भाकरी आणि पाणी द्यायची, तिचे डोळे, हिरड्या, हगलं-मुतलं सगळं न्याहाळायची, मग लुगडं आणि चप्पल तिथंच सोडून, हात कोपरापर्यंत धुऊन परत यायची. एकदाही चुकली नाही. न दिसणाऱ्या शत्रूपुढं ती अशी वागत होती, जणू तो तिला लख्ख दिसतोय. मला एकवीस काटे असून जे जमलं नाही, ते ती नुसत्या शिस्तीनं करत होती.

सहाव्या दिवशी सकाळी हौशीनं शेपूट हलवली नाही. खापरातली भाकरी तशीच होती. बनुबाईनं तिथूनच हाक मारली, "नाथाजीभाऊऽऽ!" आणि त्या हाकेत जे होतं ते ऐकून सयाजीच्या हातातली काठी खाली पडली.

नाथाजी म्हणाला, "भिऊ नगंस. पयल्याच तासाला घावलंय आपल्याला. बिजल्याला तीन दिस कुणी वळकलंच न्हाई." त्यानं डॉक्टरांना निरोप धाडला. डॉक्टर त्या दुपारी स्वतः मोटारसायकलवरून आले, हौशीला तपासलं, औषधाची सुई दिली आणि सलाईनच्या बाटल्या नाथाजीच्या हवाली केल्या. "रोगाला मारायचं औषध नाही," ते म्हणाले. "हिचं शरीरच लढणार. आपण तिचं पाणी आटू द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात."

आणि मग मी जे पाहिलं ते तुम्हाला कसं सांगू? नाथाजी हौशीच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरायचा आणि सुईनं तिच्याखाली पाणी सोडायचा. पाठीवर लिंबाएवढा, मग नारळाएवढा फुगवटा यायचा. संध्याकाळपर्यंत तो नाहीसा व्हायचा. तहानलेली जमीन पाणी पिते तसं तिचं शरीर ते पाणी पिऊन टाकायचं. डोळे मिटलेले, पाय गार, पण आत कुठंतरी कुणीतरी जागं होतं आणि थेंबही वाया जाऊ देत नव्हतं. मी लोखंड आहे. मला वाटायचं, जगात टणक असतो तो टिकतो. त्या मऊ, थरथरत्या देहानं मला खोटं ठरवलं.

बनुबाई हौशीच्या तोंडात काही घालायला निघाली, तर नाथाजीनं तिला थोपवलं. "वकतीया तवर पोटात काय ढकलू नगंस. वकणं थांबलं, की चमच्या-चमच्यानं."

तिसरा दिवस सर्वांत वाईट होता. हौशीनं मान वर करणंही सोडलं. आणि नेमक्या त्याच दिवशी सडकेवर धुरळा दिसला. ज्योतिबाचा कळप येत होता. ज्योतिबा म्हणजे सयाजीचा साडू. दरसाल याच रानात दोन्ही तळ एकत्र यायचे, एका चुलीवर भाकरी व्हायची, कुत्री एकमेकांना हुंगून ओळख द्यायची. यंदा ज्योतिबाबरोबर तीन कुत्री होती आणि घोड्यावरच्या टोपलीत पाच पिल्लं. बिजल्या जिथं पडला होता ते रान वाटेवरच होतं.

सयाजीनं धुरळा पाहिला. मग बाभळीकडे पाहिलं. मग तो माझ्याकडे आला, मला खांबावरून काढलं आणि हातात घेऊन सडकेकडे पळत सुटला. पासष्ट वर्षांचा माणूस, पण असा पळाला की माझ्या चकत्या खणाखणा वाजू लागल्या. सडकेपासून चांगलं पन्नास पावलांवर तो थांबला आणि ओरडला, "ज्योतिबाऽऽ! थांब तितंच! कुत्री आवर!"

"काय रं, साडू? भाकरी चुकवतोस काय यंदा?" ज्योतिबा तिकडून हसत म्हणाला.

"फुडं येऊ नगंस! रोग हाय हितं. बिजल्या ग्येला. हौशी मराया टेकलीया."

"आरं, मग आमी येतो की मदतीला."

"येऊ नगं म्हंतोय न्हवं!" सयाजीचा बसलेला घसा फाटला. त्यानं मला उंच धरलं. "ह्यो बघ. कातडं जाळलंय ह्याचं. मेल्या कुत्र्याच्या गळ्यातनं काढला आन म्या माज्या हातानं तिच्या गळ्यात घातला. धुतला, पर धुऊन रोग जात न्हाई. रीत म्हणून घातला, ज्योतिबा. माज्यामुळं मरतीया ती. माज्या अंगाला असंल आजून. तुजी पिल्लं घिऊन जा. वरल्या वाटंनं जा."

 धनगराच्या माणसानं आपल्या साडूला रानाच्या तोंडावरून परतवायचं, आणि वर असं कबूल करायचं, की आपल्याच हातानं आपलं कुत्रं मारलं! चार तळांवर ज्यानं माझे काटे मोजून दाखवले होते, तोच हा माणूस. मी त्याच्या मुठीत होतो. त्याचा हात खाली आला नाही. लांडग्यासमोर उभं राहायला जे लागतं, त्याहून हे किती तरी जास्त होतं.

 ज्योतिबानं डोक्याचं मुंडासं काढून छातीशी धरलं, घोडा वळवला आणि कुत्र्यांना दोरीनं ओढत वरच्या वाटेला लागला. टोपलीतली पिल्लं कुंईकुंई करत होती. तो आवाज दूर जाईपर्यंत सयाजी तिथंच उभा होता.

त्यानंतरच्या सकाळी हौशीची उलटी थांबली. दुपारी बनुबाईनं मीठ-साखरेच्या पाण्याचा चमचा तिच्या ओठाशी धरला. पहिला ओघळून गेला. दुसराही. तिसऱ्या वेळी एक जीभ बाहेर आली, फिकट गुलाबी, आणि तिनं तो चमचा चाटला. बनुबाई हसली की रडली, ती पाठमोरी असल्यानं मला दिसलं नाही. नाथाजीनं मात्र कुणीही समोर नसताना कडक सॅल्यूट ठोकला.

हौशी उठून उभी राहिली तेव्हा नुसता सापळा झाली होती. पण नाथाजीनं तिला लगेच सोडू दिलं नाही. "बरं झालेलं कुत्रंबी रोग सांडत हिंडतंय," असं म्हणून त्यानं पुन्हा चौदा दिवस मोजायला लावले. या वेळी सयाजीनं बिऱ्हाडाकडे बघितलंही नाही. खापरं फोडून पुरली, लुगडं जाळलं, बाभळीखालच्या मातीवर पांढरी पावडर टाकली. बिजल्याच्या जागेवर नाथाजीनं काटेरी फांद्यांचा झाप लावला आणि वर्षभर तिथं नवं पिल्लू आणायचं नाही असं गावात सांगून ठेवलं. कुंडलच्या चांभाराकडून सयाजीनं माझ्यासाठी नवी वादी शिवून आणली.

निघायचा दिवस आला. हौशीला न्हाऊ घालून सोडलं. सयाजी मला हातात घेऊन उभा होता. मग त्यानं मला बनुबाईपुढं धरलं. "तूच घाल, पोरी," तो म्हणाला. "माज्या हातानं नगं."

बनुबाईनं मला घेण्यासाठी हात पुढं केला. पण हौशी तिला वळसा घालून थेट म्हाताऱ्यापाशी आली. जवळजवळ महिनाभर त्यानं तिला स्पर्शही केला नव्हता. ती त्याच्या पायांशी बसली, एक कान उभा, एक कान पडका, आणि मी दिसताच तिनं आपण होऊन मान लांब केली. त्याच माणसापुढं. याच पट्ट्यासाठी. सयाजी तिच्याशेजारी बसला आणि तिच्या मानेत तोंड खुपसून हुंदके देऊ लागला.

मित्रांनो, त्या मानेपुढं मला माझे काटे लपवावेसे वाटले. मला अजूनही ती मान आठवते आणि मी आतून हलतो. त्या साली आमच्याजवळ लस नव्हती. तुमच्याजवळ आहे. तुमच्या पिल्लाला वेळेवर टोचून आणा. टोचलेलं नसताना ते आजारी कुत्र्याच्या, त्याच्या भांड्याच्या किंवा त्याच्या जागेच्या वाऱ्याला गेलं, तर ते उड्या मारतंय म्हणून गप्प बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, त्याला वेगळं ठेवा, रोज बघा, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना लाज सोडून सांगा. चकाकतं ते स्वच्छ असतंच असं नाही, हे माझ्याकडून शिका. कारण जनावर काही विचारत नाही. तुम्ही हातात काहीही घेऊन आलात, तरी ते मान पुढं करतं.